मावशीची रक्तबंबाळ प्रेमकथा

रक्ताला सर्वांत जास्त भिणारी आणि रक्ताविषयी सर्वांत जास्त बोलणारी अशी या भूतलावर एकच व्यक्ती आहे आणि ती माझी कुंडलची मावशी आहे. साखर तपासायला बोटाला सुई टोचली की ती दवाखान्याच्या बाकावर आडवी होते. घरात मटण शिजतं तेव्हा ती कांदा-खोबरं भाजून वाटण तयार ठेवते आणि पातेल्यात मटण पडेपर्यंत परसात जाऊन उभी राहते. पण कुणाचं ऑपरेशन झाल्याची बातमी येऊ दे! पेशंटला भेटायला गेलेली मावशी परत येते तेव्हा सर्जनपेक्षा जास्त तपशील घेऊन येते. पित्ताशयाचे खडे सांगताना ती परातीतले शेंगदाणे उचलून दाखवते, "ह्येवढं ह्येवढं निगालं!" आणि तेच शेंगदाणे आपल्यापुढे सरकवून "खा की रं," म्हणते. एकदा तिनं एका लग्नात, अक्षता पडल्या पडल्या, नवरीच्या आजोबांच्या मूळव्याधीची हकीकत इतकी रंगवली की आमच्या अख्ख्या पंगतीनं जिलबी परत पाठवली. मावशीला वाटलं, जिलबी बिघडली होती.

अशा बाईच्या हातात तिच्या सुनेनं नवा फोन दिला आणि त्यात बोललं की आपोआप टाइप होतं हेही दाखवलं. त्यातून जे व्हायचं ते झालं. मी सांगलीत एका छापखान्यात मुद्रितं तपासतो, त्यामुळे घराण्यातल्या सगळ्या लेखनाचा पालक मीच, असा मावशीचा समज आहे. तरीही तिनं आपली गोष्ट मला आधी दाखवली नाही. एका संध्याकाळी फोन आला, "आरं, मी गोष्ट लिवली. त्या गोष्टींच्या ॲपवर टाकली बी. वाच आणि सांग कशी वाटती."

मी वाचली. एक बाई असते, तिचा नवरा फौजेत असतो. वर्षातून एकदा सुट्टीवर येतो आणि जातो. एका सुट्टीत ती त्याला जाऊ द्यायचं नाही असं ठरवते आणि तो झोपलेला असताना कुऱ्हाडीनं त्याचे पाय तोडते. मग हात. मग एकेक करत सगळाच नवरा संपतो आणि उरतं फक्त काळीज. ते ती धुऊन, पुसून, लोणच्याच्या बरणीत ठेवते. रात्री ते धडधडतं आणि ती बरणी कुशीत घेऊन झोपते. रक्ताचं वर्णन असं की मला हातातला चहा खाली ठेवावा लागला. पण खरी पंचाईत वेगळीच होती. मावशीनं ही कथा म्हशीची धार काढता काढता फोनला सांगितली होती आणि फोननं इमानेइतबारे सगळंच उतरवून घेतलं होतं. त्यामुळे सर्वांत भीषण प्रसंग असा झाला होता : "तिने त्याच्या उजव्या पायावर कुऱ्हाड घातली रक्ताची चिळकांडी उडाली आणि सरक तिकडं शेपटी मारतीस व्हय गं भवाने तरी तिचे त्याच्यावर फार प्रेम होते."

मी घाबरून फोन केला, "मावशी, ती म्हैस काढून टाकूया." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. लोकं चांगलं म्हनत्यात." आणि खरोखरच म्हणत होते! मी प्रतिक्रिया वाचत गेलो तसतसा जास्तच गोंधळत गेलो. एकानं लिहिलं होतं, "म्हशीचं प्रतीक अंगावर येतं." दुसऱ्यानं विचारलं होतं, "ही विनोदी कथा आहे का? माझी बायको हसते आहे, मी मात्र दिवा लावून झोपलो." कुणा डॉक्टरांनी, शरीराबाहेर काळीज धडधडू शकत नाही, असं समजावून सांगितलं होतं. त्यावर मावशीचं उत्तर, "तुमच्या मंडळींना विचारा." बऱ्याच जणांना पुढचा भाग हवा होता. त्यानं मात्र ती हैराण झाली. "आता काय तोडू रं?" मला फोनवर म्हणाली, "सगळा संपला की त्यो."

गावात प्रकरण जरा निराळं झालं. शेजारणीनं उसनी नेलेली विळी परत आणून दिली आणि चहाला न थांबता दारातूनच वळली. भजनी मंडळातल्या बायका एकत्र बसून कथा वाचून घळाघळा रडल्या, पण कशाला रडलो ते एकीलाही सांगता येईना. आणि माझ्या आईनं मला सांगितलं, "अरे, तिचं आणि त्यांचं बरं चाललंय ना? रविवारी जाऊन ये बाबा." कारण मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, अख्खी नोकरी फौजेत काढून आलेले.

मी गेलो तेव्हा काका गोठ्यात होते. हा उंच, ताठ माणूस जन्मात चार वाक्यं सलग बोललेला मी ऐकला नव्हता. मला बघून त्यांनी वैरण खाली ठेवली, घराकडे एक नजर टाकली आणि हळू आवाजात विचारलं, "तू वाचलीस न्हवं? मग मला येक सांग. शेवटाला मी मेलो का जिता हाय?"

"काका, ते तुम्ही नाही. ते पात्र आहे."

"पात्राच्या डाव्या खांद्यावर माजा व्रण कसा आला?"

मी विचारलं, "तुम्हाला राग आला का?"

"राग न्हाई रं. पर समजंना. सुट्टी संपून मी निगायचो तवा गल्लीतल्या समद्या बायका रडायच्या, ही कवा रडली न्हाई. 'डबा घेतला का?' म्हनायची आन् आत जायची. मी तिकडं पलटणीतल्या पोरांस्नी सांगायचो, आमची बायकू लय घट्ट हाय, काय काळजी न्हाई." त्यांनी वैरणीची एक काडी उचलली आणि मोडत राहिले. "आन् आता ह्ये कुऱ्हाड आन् बरनी."

दुपारी आम्ही जेवायला बसलो. मावशी भाकरी थापत होती आणि मला वाळव्याकडच्या कुणाच्या तरी गुडघ्याची वाटी बदलताना काय काय झालं ते सांगत होती. काका मान खाली घालून जेवत होते. मध्येच म्हणाले, "येक इचारू?"

मावशीचा गुडघा अर्ध्यावर थांबला. "इचारा की."

"पयल्यांदा पायच का तोडलं?"

मावशीनं तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिली. मग आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "त्येच घिऊन जात हुतं न्हवं तुमास्नी."

मी ताटातल्या वांग्याकडे बघत बसलो. थोड्या वेळानं काकांनी ताट पुढं केलं, मावशीनं त्यात गरम भाकरी टाकली आणि पदरानं तोंड पुसलं. चुलीपुढं बसलं की घाम येतोच, तसा असेल.

जेवण झाल्यावर काका रोज पारावर जातात. तिथं त्यांची जुनी फौजी मंडळी जमतात आणि दिवस मावळेस्तोवर उठत नाहीत. त्या दिवशी त्यांनी पायात चपला घातल्या, उंबऱ्यापर्यंत गेले, चपला काढल्या आणि उंबऱ्यावरच बसले. मी सांगलीच्या गाडीसाठी पिशवी उचलून निघालो तेव्हाही ते तिथंच होते. आतून मावशी केरसुणी घेऊन आली आणि खेकसली, "आवं सरका की, झाडायचं हाय मला!"

काका हलले नाहीत. मावशी क्षणभर तशीच उभी राहिली, मग वाकली, आणि त्यांच्या भोवतीनं, अगदी हळूहळू झाडत राहिली.