शिळं पान

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बनारसमध्ये, सिगऱ्याकडच्या एका छोट्या संस्थेत, कॉम्प्युटर विभागात नोकरी करत होते. राहायला मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत, आईवडिलांकडे. शेजारच्या घरात काका-काकू राहत. काका संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. काकूंचं कुजबुजणंसुद्धा खाली पंचगंगा घाटापर्यंत ऐकू जाई. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली होती आणि आता तिचे दिवस भरत आले होते.

नेमकं तेव्हाच कुणीतरी गल्ली खोदली आणि टेलिफोनची केबल तुटली. काकू रोज चौकातल्या पीसीओवर जाऊन फोन लावायच्या. पलीकडे मशीन बोलायचं. काकू त्यालाच दटावायच्या, "जावईबापू, आम्ही इकडे किती परेशान आहोत, कळतंय का तुम्हाला?"

जावई कॉम्प्युटरमधलाच. त्याने बाळासाठी इंटरनेटवर एक पान तयार केलं होतं आणि फोन बंद पडायच्या आधी त्याचा पत्ता मला लिहून घ्यायला लावला होता. मी रोज ऑफिसात ते उघडून बघायची. वर पाळण्याचं चित्र, खाली एक ओळ : अजून वाट पाहतो आहोत! संध्याकाळी गल्लीत शिरले की काकू दारातच उभ्या.

"काय गं?"

"अजून वाटच पाहतायत, काकू."

"अगं, किती ती वाट! काहीतरी गडबड आहे. माझं मन सांगतंय."

असे बरेच दिवस गेले. काकूंची झोप उडाली. काका घाटावर संध्येला जात, तिथून नेहमीपेक्षा उशिरा परतू लागले. शेवटी मीच जावयाला ईमेल केली की सगळं ठीक आहे ना, कळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं.

'अहो, आता तर आम्ही हॉस्पिटलातून घरीसुद्धा आलो! सगळे खुशाल. पान बघितलं नाहीत का? आता आणखी काही सांगत नाही, तिथेच बघा.'

मी पान उघडलं. पाळणा. अजून वाट पाहतो आहोत!

मी क्षणभर बघत राहिले आणि मग मला एकटीलाच इतकं हसू फुटलं की शेजारचा टायपिस्ट दचकला. बाळ अमेरिकेत जन्मून घरी गेलं होतं आणि बनारसमध्ये आम्ही अजून वाट बघत होतो!

झालं होतं असं. आमच्या सगळ्या संस्थेला इंटरनेटसाठी एकच लाइन होती, तीही रडतखडत चालणारी. म्हणून साहेबांनी एक सर्व्हर बसवला होता. कुणी एखादं पान उघडलं की तो त्याची नक्कल ठेवून घ्यायचा आणि पुढच्याला तीच द्यायचा. त्या साठ्याला म्हणायचं कॅश. नक्कल महिनाभर टिकवायची, असं साहेबांनी ठरवून दिलं होतं. विद्यार्थी ताजं पान मागायचं बटण दाबत बसत, म्हणून तेही बंद करून टाकलं होतं. पानं भराभर उघडत आणि सगळे साहेबांना वाखाणत. मूळ पान तिकडे बदललंय का, हे मात्र तो सर्व्हर कुणाला विचारतच नव्हता. ईमेलची वाट वेगळी, म्हणून ती ताजी आली.

मी साहेबांकडे धावले. साहेब पक्के बनारसी, गालात पान धरून बोलणारे.

"पूरा कैश खाली करोगी तो लाइन बैठ जाएगी," ते म्हणाले.

"सर, सिर्फ़ एक पन्ना. और अभी नहीं, आधे घंटे में. मैं दो लोगों को लेकर आती हूँ!"

अर्धा तास कसला! मैदागिनपर्यंत रिक्षा, पुढे गल्ल्यांतून गाईंना चुकवत पळत घर. काकू कणीक मळत होत्या. "काकू, बाळ झालं! फोटो बघायला चला!" म्हटल्यावर त्या कणकेच्या हातांनीच निघाल्या. काका मागे उपरणं सावरत. रिक्षात आम्ही तिघं कोंबून बसलो आणि काकू रस्त्यातल्या प्रत्येकाला सांगत सुटल्या.

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या असत. काकांनी चपला काढल्या आणि सवयीने उंबऱ्याला हातही लावला. साहेब म्हणाले, "माताजी, बस कैश साफ़ कर दें, फिर देखिए."

काकूंनी कमरेची पैशांची चंची घट्ट धरली. "हे काय मागतायत गं?"

मी हसत हसतच हुकूम टाइप केला, त्या एका पानाची नक्कल पुसली आणि पान पुन्हा मागवलं. लाइन कुरकुरली. फोटो वरून खाली, एकेक पट्टी करत उतरू लागला. आधी भिंत. मग एक पिवळं टोपरं. मग त्याच्या शेजारी आणखी एक पिवळं टोपरं.

"अगं, फोटो दोनदा आला वाटतं," काकू म्हणाल्या.

काका पडद्याला नाक लावून बघत होते. त्यांना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "दोनदा नाही! याचे डोळे मिटलेत आणि त्याचे उघडे आहेत! जुळी आहेत, जुळी!"

लेक-जावयाने ही गोष्ट सगळ्यांपासून मुद्दाम लपवून ठेवली होती. काकूंनी मला मिठी मारली, माझ्या पाठीवर कणकेचे दोन पंजे उमटले. साहेबांनी पान गिळलं. काका हसत हसत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बनारसमध्ये राहून इतके दिवस शिळं पान चघळत बसलो होतो की आपण!" आणि तेवढ्यात वीज गेली.

परतताना चौकातून पेढे घेतले. देवळात पुजाऱ्यांनी विचारलं, "लड़का हुआ कि लड़की?"

काकू काकांकडे बघायला लागल्या, काका माझ्याकडे. आम्ही टोपऱ्यांखालचा मजकूर यायच्या आधीच नाचलो होतो! मग तिघंही देवळाच्या पायरीवर बसून पोट धरून हसलो. पुजाऱ्यांनी काही न कळता पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. साहेबांनी सकाळीच नियम बदलला होता. चित्रं आणि बोधचिन्हं खुशाल जुनी राहू देत, पण मजकुराचं पान द्यायच्या आधी सर्व्हरने मूळ ठिकाणी विचारायचं, बदललंय का? नसेल तरच आपली नक्कल द्यायची. वेग थोडा कमी झाला, पण कुणी तक्रार केली नाही.

एक मुलगा, एक मुलगी. खाली जन्मवेळा. काकांनी पेन्सिल काढली. "तिकडचं घड्याळ आपल्यामागे किती?" साहेब बोटांवर मोजू लागले, काकांना ते पटेना आणि दोघांची जुंपली.

"ते पत्रिका मांडत बसू देत," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "तू फोटो खाली सरकव बरं. पावलं दिसतायत का बघू."