पलंगाखालची चार चाकं

टायरच्या दुकानात रबराच्या वासाला लोक नाक मुरडतात. मी मात्र तिथे रेंगाळते. नव्वदच्या ऑगस्टमध्ये, कुवेतला सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या घरात, मी त्या वासात झोपत होते.

कुवेतमध्ये घुसलेले इराकी सैनिक उभ्या गाड्या पळवत, म्हणून तळमजल्यावरच्या हमीदचाचांनी आपली गाडी विटांवर चढवून चारही चाकं आमच्या पलंगाखाली दडवली होती. आमची गाडी अगदी तशीच, पण आईच्या हॉस्पिटलातल्या नोकरीच्या फेऱ्यांनी टायर पार गुळगुळीत झालेले. त्यांवर वाळवंट ओलांडून जॉर्डन गाठायचं होतं.

निघायच्या सकाळी चाचा वर आले. "भाभी, चाकं न्यायला आलो." आईचा चेहरा उतरला. ती चाकं मागायचं धाडस तिला झालं नव्हतं. खाली जाऊन पाहतो तर चाचा जॅक लावून ती आमच्याच गाडीला बसवत होते.

"अहो, मग तुम्ही कसे निघणार?" बाबांनी विचारलं.

"माझी गाडी विटांवर आरामात बसलीय. तिला कसली घाई? तुमच्याबरोबर पोरगी हाय."

भाषणांत आजही भारताने पाठवलेल्या सुटकेच्या विमानांचं कौतुक होतं. जरूर व्हावं. पण विमान जॉर्डनमध्ये, अम्मानला होतं. तिथवर आम्हाला कोणी पोचवलं, हे कोणी विचारत नाही याचा मला संताप येतो. नशीब, चाचाही पुढे बसने सुटले, रत्नागिरीला सुखरूप पोचले.

त्या सकाळी ते प्रत्येक चाकाला लाथ मारून हवा बघत होते आणि मी हसत होते. स्वतःची सुटका त्यांनी आमच्या गाडीला जोडून दिली होती, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं.