लॅपटॉपमधली पाळत

गेर्लिंडेबाई बागेतून खोलीत आल्या, की हातही न धुता आधी लॅपटॉपच्या पाठीवर तळवा ठेवायच्या. बाहेरून आलेली आई टीव्हीला हात लावून बघते ना, पोरं बघत बसली होती का म्हणून, अगदी तसा. गार लागला तर ठीक. कोमट लागला, की बाईंच्या मनात पाल चुकचुकलीच. आपण तर मघापासून बाहेर घेवड्याला पाणी घालत होतो, मग हे यंत्र इतका वेळ कोणासाठी राबत होतं?

लाइपझिगमध्ये संशयी माणसांची कधीच टंचाई नव्हती. जुन्या पूर्व जर्मनीत वाढलेल्या माणसाला शेजाऱ्यानं नुसतं 'कुठे निघालात' विचारलं, तरी तो आधी विचारणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतो. पण गेर्लिंडेबाईंची तऱ्हाच न्यारी. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी काय, कुणीही लावतं. बाईंनी माइकच्या भोकात मेण भरलं होतं. तरुणपणी त्या टेलिफोन एक्सचेंजात नोकरीला होत्या. दोघं बोलत असताना तिसरा ऐकायला बसला, की लाइनीचा आवाज किंचित बसतो, असं त्या ठामपणे सांगायच्या. खरंखोटं देव जाणे, पण तेव्हापासून त्यांचा कान जो टवकारला तो टवकारलेलाच.

लॅपटॉप त्यांना दिला तो हार्टमुटनं. शहराबाहेर भाड्यानं मिळणाऱ्या बागांच्या रांगेत दोघांचे तुकडे लागून, मधे कमरेएवढं कुंपण. हार्टमुटचा जन्म रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेला, आणि म्हातारपणी त्याला नाद लागला लोकांनी टाकून दिलेले लॅपटॉप जगवायचा. आतली मूळची अवजड सिस्टीम काढायची आणि तिथे हलकीफुलकी लिनक्स बसवायची. लागेल तेवढंच ठेवायचं, शोभेचं काही नाही. जुनं यंत्र आहे, डोक्यावर ओझं टाकलंत तर तापणार, हे त्याचं सगळं शास्त्र. खालून वारा मिळावा म्हणून त्यानं बाईंच्याच स्वयंपाकघरातली केक निववायची जाळी लॅपटॉपखाली सरकवली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात आतली उष्णता दाखवणारा आकडा लावून दिला. बाई त्यावर स्काट नावाचा पत्त्यांचा डाव खेळायच्या. स्काटच्या डावाला तीन भिडू लागतात आणि बागेत होते दोघंच.

आता तुम्ही म्हणाल, एवढी संशयी बाई, हिनं परक्या माणसाला आपल्या यंत्रात हात तरी कसा घालू दिला? त्याचंही कारण संशयच. बाईंचा सगळ्या जगावर संशय होता, पण हार्टमुटवर पहिल्या नंबरचा. ज्याच्यावर संशय तो नजरेसमोर असलेला बरा, या हिशेबानं त्यांनी त्याला जवळ ठेवलं होतं.

कारण जुनं होतं. बाईंचा धाकटा भाऊ एकार्ट, हार्टमुटचा जिवलग दोस्त. सुट्टीला म्हणून हंगेरीला जायचं आणि तिथून सीमा ओलांडून पश्चिमेला पळायचं, असा त्याचा बेत होता. एका संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात त्यानं तो बोलून दाखवला. टेबलाशी तिघंच होते, एकार्ट, बाई आणि हार्टमुट. बाहेर कुणाला कळायचं कारणच नव्हतं. आणि गाडीत पाय ठेवायच्या आधी स्टेशनवरच सरकारच्या माणसांनी एकार्टला उचललं. तुरुंगात टाकला, पुढे पश्चिमेच्या सरकारकडून पैसे घेऊन तिकडे धाडून दिला, तो परत आला नाही. भिंत पडली, देश एक झाला, तरी आला नाही. बाई दर नाताळला हॅम्बुर्गच्या पत्त्यावर केक पाठवायच्या, उलट पोचही यायची नाही. तिकडं गेल्यावर साहेब मोठे झाले, असं म्हणत त्या गिळून टाकायच्या. दोन हिवाळ्यांपूर्वी तो तिकडंच वारला. बाईंना अंत्यविधीला कुणी बोलावलंसुद्धा नाही.

आपण सांगितलं नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. मग उरलं कोण? पण हे त्यांनी हार्टमुटला एकदाही विचारलं नाही. त्या काळी गुप्त पोलिसांनी ठेवलेली आपल्या नावाची फाइल भिंत पडल्यावर मागवून बघायची सोय झाली होती, तीही मागवली नाही. न जाणो, त्याचंच नाव निघालं तर संध्याकाळची कॉफी कोणाबरोबर प्यायची? नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नाही. एवढा एक माणूस होता, आणि तोच गुन्हेगार असण्याची शक्यता होती. बाई असं आयुष्य जगत होत्या, आणि त्यांना वाटायचं की हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.

तर यंदाच्या जुलैत उन्हानं कहर केला. लाकडी खोली भट्टीसारखी तापायची, आणि लॅपटॉपचा पंखा उगीचच घोंघावायला लागायचा. बाईंना वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. हार्टमुटनंच शिकवलेलं होतं, आत काय काय चालू आहे त्याची यादी कशी उघडायची. बाईंनी चष्मा पुसला, यादी उघडली आणि एकेक नाव वाचत खाली आल्या. एका नावापाशी थांबल्या. त्याच्यापुढे खुलासा होता, आणि त्यात तो शब्द होता, ऊबरवाखुंग.

जर्मन भाषेत देखरेख म्हणायची असेल तरी हाच शब्द आणि पाळत म्हणायची असेल तरी हाच. दवाखान्यात आजाऱ्यावर ठेवतात ती ऊबरवाखुंग, आणि त्या काळी माणसांवर ठेवायचे तीही ऊबरवाखुंग. खुलाशात पुढे तापमान, प्रोसेसर वगैरे बरंच लिहिलेलं होतं, पण ते वाचायला बाई शुद्धीवर होत्या कुठे? पाळत! माझ्या यंत्रात, माझ्या बागेत, आणि ती त्यानं बसवलेली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यांनी तो प्रोग्राम बंद केला. एवढ्यावर समाधान होईना, म्हणून मुळापासून उपटूनच टाकला.

आणि झालं भलतंच. लॅपटॉप गार व्हायच्या ऐवजी भडकला. कोपऱ्यातला आकडा चढत चढत लाल झाला, पंखा किंचाळायला लागला, आणि भर डावात पडदा काळा पडला. शहाण्या माणसाला शंका आली असती, की आपलंच काही चुकलं असेल. बाईंना उलट खात्री पटली. पकडला गेला म्हणून त्यानं यंत्रच मारून टाकलं!

तसाच तो गरम लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून त्या कुंपणापाशी गेल्या. हार्टमुट टोमॅटो बांधत होता. बाईंनी सगळं बोलून टाकलं, पाळतीचं, उपटून टाकल्याचं, यंत्र मेल्याचं. मग सुतळी खिशात घालून, मास्तर ढ पोराला समजावतो तसं त्यानं समजावलं. तो प्रोग्राम यंत्राच्या उष्णतेवर नजर ठेवतो, फार तापायला लागलं की वेग कमी करतो, बाकी त्याला ना कान ना डोळे. तो काढलास म्हणून यंत्र भडकलं, आणि जळू नये म्हणून आपणहून बंद पडलं. निवलं की सुरू होईल.

बाईंचा चेहरा उतरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. खरं तर तिथं विषय मिटत होता. माफी मागायची आणि कॉफी टाकायची. पण हार्टमुट हसला नाही. त्याला वाईट वाटलं होतं आणि ते त्यानं लपवलं नाही.

"लिंडे, हे लॅपटॉपचं नाहीये," तो म्हणाला. "जे विचारायचंय ते विचारून टाक एकदा."

बाईंना वाटलं, इथून निघून जावं. पण त्यांनी विचारलं.

"एकार्टचं तू सांगितलंस?"

"नाही," हार्टमुट म्हणाला. आणि मग त्यानंच विचारलं, "आणि तू?"

एवढ्या वर्षांत हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं, की कुंपणापलीकडचा माणूसही आपल्याला नजरेसमोर ठेवून असेल.

"मी त्याची सख्खी बहीण आहे."

"आणि एक्सचेंजात कोण बसायचं? लोकांचे फोन कोणाच्या हातात होते? मी तर टीव्ही दुरुस्त करायचो."

"मी नाही सांगितलं," बाई म्हणाल्या.

हार्टमुटनं कुंपणाच्या खांबाला धरलं. भिंत पडल्यावर आपण हॅम्बुर्गला गेलो होतो, एकार्टकडे, हे त्यानं कधीच सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं. एकार्टनं त्याला घरात घेतलंच नाही. दार अर्धवट धरून एकच विचारलं होतं. तू की ती?

"मग?"

"मी म्हटलं, मी नाही."

बाईंच्या हातात टॉवेल गरम लागत होता. टेबलाशी तिघंच होते. त्यातला एक स्वतः एकार्ट, दुसऱ्यानं दारात उभं राहून हात झटकले, उरल्या बाई. म्हणजे एकार्ट मरेपर्यंत काय समजून राहिला, आणि नाताळचे केक कुठे गेले, हे बाईंना कुणी सांगायची गरज उरली नाही.

"खोटं नव्हतं ते," हार्टमुट म्हणाला. "तुझं मला काय माहीत होतं?"

बाईंना त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं. या माणसानं दोन शब्दांत त्यांचा भाऊ तोडला होता. पण त्या एक्सचेंजात मुरलेल्या बाई, खोटं त्यांना पटकन ऐकू यायचं, स्वतःचंसुद्धा.

"एकार्ट माझ्या दारात आला असता आणि विचारलं असतं," त्या म्हणाल्या, "तर मी 'मी नाही' म्हणून थांबले नसते. तुझं नाव घेतलं असतं."

हार्टमुटनं मान डोलावली. ते त्याला ठाऊक होतं.