मित्राचा त्रास

दिल्लीत शिकून कडेगावला दवाखाना टाकला, त्याला तीन वर्षं झाली. इथले किस्से केसपेपरवर सापडायचे नाहीत, कारण खरा त्रास केसपेपरवर कोणी लिहू देत नाही. ते माझ्याकडेच साठत जातात.

पहिल्याच महिन्यात मी उत्साहाने बोर्ड लावला: ‘शनिवारी पुरुषांच्या लैंगिक समस्यांची तपासणी.’ त्या शनिवारी सर्दीचे पेशंटही आले नाहीत! कंपाउंडर मामा म्हणाले, “आवं डॉक्टर, बोर्ड बगून लोक पलीकडच्या कडंनं चालल्यात.” बोर्ड उतरवला.

*

मग कळलं, ताठरता न येण्याचा हा आजार इथे कोणालाच होत नाही. तो नेहमी मित्राला होतो. गुडघा दाखवून झाला की पेशंट दारापर्यंत जातो, परत येतो आणि हळूच मित्राचं सांगतो. मीही मित्राचीच चौकशी करतो. तंबाखू? शुगर? झोप? शेवटी म्हणतो, “मित्राचं बीपी बघायला हवं.”

पेशंट निमूटपणे स्वतःची बाही वर करतो.

*

एका ऊस बागायतदाराला सांगितलं, मित्राने रोज पाऊण तास चालायला हवं. महिन्याने आला तर वजन दोन किलोने वाढलेलं. मित्र चालत नाही का, मी विचारलं.

“चालतोय की रोज. मी मोटारसायकलवरनं बगतो.”

*

एक निवृत्त सुभेदार आले. मित्राला सहा महिने त्रास होता. मित्र सिगारेटी ओढायचा, जिना चढताना त्याला दम लागायचा. मी समजावलं, की तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून बऱ्याचदा आधी त्या तुंबतात आणि पुढे हृदयाची पाळी येते. मित्राचा ईसीजी आजच काढू.

सुभेदार ताडकन उठले. “दुखणं कुठलं, अन् तपासताय कुठं?”

निघून गेले. पुढचे दोन दिवस माझं लक्ष दाराकडेच होतं.

तिसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले. “मित्र आलाय,” म्हणाले आणि शर्टाची बटणं काढू लागले.

ईसीजी चांगला नव्हता. त्याच दिवशी सांगलीला पाठवलं. दोन वाहिन्या तुंबल्या होत्या, स्टेंट बसले.

*

सात-आठ महिन्यांनी सुभेदारांच्या मिसेस एकट्याच आल्या. गुडघ्याचं औषध घेतलं. साहेबांची सिगारेट सुटली, रोज कालव्यापर्यंत चालून येतात, असं सांगितलं. दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि परत आल्या.

“डॉक्टर,” पदर सावरत त्या हळूच म्हणाल्या, “ह्यांच्या मित्रालाबी आता बरं हाय.”