शेवटची गाठ सवाष्णीची

तुमच्या घरातल्या बाईच्या गळ्यात जे मंगळसूत्र आहे, ते कोणाच्या हातांनी गाठवलंय, हे तुम्ही कधी विचारलंत का? सोनार कोण आणि वाट्या किती वजनाच्या, हे तुम्हाला पाठ असेल. मी विचारतोय ते मणी ओवून गाठी मारणाऱ्या हातांबद्दल. आमच्या चाळीत हा प्रश्न एकदा विचारला गेला. ज्या तऱ्हेने विचारला गेला, त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही लालबागचे. वडील गिरणीत साच्यावर म्हणजे मागावर, आई घरी बसून गाठवणारी. गिरगावातल्या एका सराफाकडून तिच्याकडे काम यायचं. मोत्यांच्या सरी, पोवळ्यांच्या माळा, लग्नसराईत मंगळसूत्रं. वडील सभांमधून, मोर्चांमधून येताना पत्रकं आणायचे. बाराखडी संपल्यावर मी थेट तीच वाचायला लागलो. आई गाठवायची आणि मी शेजारी बसून मोठ्याने वाचायचो. एखादा शब्द मी नुसताच ठोकून पुढे गेलो की ती म्हणायची, "जुलूम म्हणजे काय तां आधी सांग, मगे पुढे वाच."

गाठवणं बघायला सोपं वाटतं. दुहेरी रेशमाला मेण लावायचं, सुईने मोती ओवायचा, मग दोऱ्याचा सैल फास करून त्यात टाचणी घालायची आणि टाचणीच्या टोकाने तो फास सरकवत सरकवत मोत्याच्या अगदी अंगाशी आणायचा. टाचणी काढायची, नखाने दाबायचं. झाली एक गाठ. प्रत्येक मोत्यामागे एक. गाठ जराही दूर पडली तर सर ढिली होते आणि मोती एकमेकांवर घासतात. नीट पडली, तर दोरा तुटला तरी एखादाच मोती सुटतो, बाकीचे जागेवर राहतात. दोरा ताणून धरायला आई तो पायाच्या अंगठ्याला अडकवायची. मंगळसूत्राला मात्र पाय लावायचा नाही. त्याच्यासाठी खिडकीजवळ भिंतीत एक पितळी खिळा होता. सर अंगठ्याला, मंगळसूत्र खिळ्याला, असा आमच्या घरचा नियम.

शेजारच्या खोलीत वहिनी राहायची. तिचा नवरा माझ्या वडिलांच्याच खात्यात होता. संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चाला दोघे बरोबर गेले. गोळीबार झाला. वडील चालत परत आले आणि त्याला चौघांनी आणलं. वहिनीला सासरी मागे कोणी उरलं नव्हतं आणि माहेरी कोकणात जाऊन भावजयीच्या चुलीपुढे बसायची तिची तयारी नव्हती. महिना-दीड महिना ती दार लावून बसली. मग एक दिवस आईने ते दार वाजवलं आणि म्हणाली, "चल माझ्याकडे. हात रिकामे ठेवू नको गो."

वर्षभरात वहिनीची गाठ आईपेक्षा बारीक पडायला लागली. आई हे स्वतः सांगायची, आणि तिच्या तोंडून कौतुक फार स्वस्त नव्हतं. त्याच सुमाराला आईचे डोळे गेले. पूर्ण नव्हे, पण मण्याचं भोक दिसेनासं झालं. डॉक्टरने मोतीबिंदू म्हटल्यावर ती घरी येऊन वडिलांना म्हणाली, "जल्मभर मोती बघलंय, आता एक डोळ्यातच येवन बसलो."

तेव्हापासून सगळं काम वहिनी करायची. मंगळसूत्रंसुद्धा. आणि इथे अडचण होती. नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचा हात मंगळसूत्राला लागू नये, हे आमच्याकडे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण दगडावर कोरल्यासारखं सगळ्यांना ठाऊक आहे. आईने यातून वाट काढली. सगळं वहिनीने गाठवायचं, शेवटची गाठ फक्त आईने मारायची. शेवटची गाठ सवाष्णीची झाली की झालं. मला तेव्हा ही युक्ती फार आवडली होती. रूढीला आपण चकवलं, असं मला वाटायचं. रूढी मात्र आमच्याच खिळ्याला लटकलेली होती.

आमच्या चाळीत एक पुढारी होते. सगळे त्यांना दादा म्हणत. बोलायला लागले की गॅलरीतली कबुतरंसुद्धा थांबून ऐकतील असा आवाज. वहिनीच्या नवऱ्याच्या स्मृतिदिनाला दरवर्षी ते चाळीच्या चौकात सभा लावायचे. तसबिरीला हार, पुढच्या रांगेत खुर्चीवर वहिनी, मग दादांचं भाषण. त्या वर्षी ते मला म्हणाले, "पत्रक तू लिही. तरुण रक्त पाहिजे."

मी लिहिलं. दोन दिवस कॉलेजला गेलो नाही. त्यात एक वाक्य होतं, ज्याच्यावर मी स्वतःच खूश होतो. 'ज्या हातांनी आपलं कुंकू महाराष्ट्राला दिलं, तेच हात आज महाराष्ट्राच्या लेकींची मंगळसूत्रं गाठवत आहेत.' दादांनी वाचलं आणि म्हणाले, "फक्कड." छापून आणलं. एवढंच नव्हे, सभेत ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. टाळ्या पडल्या. मी वहिनीकडे बघितलं. ती मान खाली घालून होती. मला वाटलं, गहिवरली.

दादांच्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. तिचं मंगळसूत्र आदल्याच दिवशी आमच्या घरून गेलं होतं. सभेत टाळ्या वाजत होत्या तेव्हा बायकांच्या बाजूला दादांची बायको बसलेली होती. तिने टाळी वाजवली की नाही, मला माहीत नाही. वाक्य मात्र तिने नीट ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. हातात कागदात गुंडाळलेलं मंगळसूत्र. वहिनी खिडकीपाशी मोत्यांची सर घेऊन बसली होती.

"तुमच्या मुलाने लिहिलंय ते खरं की काय?" तिने आईला विचारलं.

"तो लिहितो काहीतरी. पत्रकात सगळं वाढवूनच असतं," आई म्हणाली.

"म्हणजे तुम्हीच गाठवलंत."

आईने पुढ्यातलं मण्यांचं ताट जवळ ओढलं. "शेवटची गाठ माझी आहे. सवाष्णीची."

"आणि बाकीच्या?"

तेव्हा वहिनी बोलली. मान वर न करता, टाचणीने गाठ सरकवत सरकवत. "शेवटचीपण माझीच. मावशींना दिसत नाही आता. त्या दोरा नुसता धरतात, गाठ मी मारते."

हे मलाही माहीत नव्हतं.

दादांची बायको वाईट बोलली नाही. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुझ्याबद्दल मनात काही नाही गो बाय. तुझा नवरा म्हणजे आम्हाला देव. पण पोरीचं लग्न आहे. समजून घे." आणि मंगळसूत्र आईपुढच्या ताटात ठेवून म्हणाली, "हे सोडा."

वहिनीने सवयीने कात्री उचलली.

"तू नको," दादांची बायको म्हणाली.

मग ज्या बाईला मणी दिसत नव्हते, तिने चाचपडत दोरा कापला. एका जागी कापायचा तो तीन जागी कापला गेला. काळे मणी ताटातून उडून कोब्यावर पसरले, काही कपाटाखाली गेले. वहिनी वेचायला वाकली.

"राहू दे. वेचूपण नको."

वहिनी वाकलेली तशीच थांबली. मग सरळ झाली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. त्या हातांना कुठे ठेवावं हेच तिला कळत नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आदल्या संध्याकाळी याच हातांवर आख्ख्या चाळीने टाळ्या वाजवल्या होत्या. गुडघ्यांवर बसून ते मणी मी वेचले.

दुपारपर्यंत आणखी तिघी आल्या. कोणी शिवी दिली नाही. सगळ्यांनी तिचा नवरा देव असल्याचं सांगितलं आणि सगळ्यांनी मंगळसूत्रं सोडवून घेतली.

मी दादांकडे गेलो. ते दाढी करत होते. मी काय बोललो ते मला धड आठवत नाही, पण मोठ्याने बोललो असणार, कारण त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "तू म्हणतोस ते तत्त्वतः बरोबर आहे," ते म्हणाले. "पण बायकांच्या गोष्टींत आपण पडू नये. आधी राज्य येऊ दे. मग हे सगळं बघू." आणि पुढच्या सभेच्या पत्रकाचा मजकूर कधी देणार, असं विचारलं.

तत्त्वतः. हा शब्द मी तोपर्यंत किती पत्रकांत अभिमानाने वापरला होता. त्या दिवसापासून वापरलेला नाही.

गिरगावातल्या सराफाच्या कानावर गेलंच. त्याने मोती पाठवणं चालू ठेवलं. मोत्यांची सर घालणाऱ्या बायका मलबार हिलवर राहतात, गाठवणारी कोण हे त्या विचारत नाहीत. मंगळसूत्रं मात्र बंद झाली.

वहिनी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मग एका दुपारी मी मेणाचा गोळा तिच्या हातात दिला तेव्हा म्हणाली, "भाऊजी, वाक्य चांगलं होतं. पण माझ्यावर लिहिलंत तर मला विचारायचं होतं. मी नको म्हटलं असतं. किंवा लिहा म्हटलं असतं. पण म्हटलं मी असतं."

दादांवर मला राग येतो. दादांच्या बायकोवर येतो. पण या वाक्याने माझा राग माझ्याकडेच वळवला, आणि तो तिथून हलत नाही. मी तिच्या हातांचं चित्र काढून चौकात टांगलं. हात तिचे होते, त्यांचं काय करायचं हे तिचं तिने ठरवलेलं होतं, आणि ते मी एका टाळीसाठी उधळलं. दादांनी तिचा नवरा वापरला, मी तिचे हात.

आता राज्य आलं. चाळीवर दिवे लागले, चौकात मंडप पडला. दादांनी वहिनीला मंचावर बोलावून शाल दिली, नारळ दिला, तिच्या नवऱ्याच्या नावाचा जयजयकार केला. नंतर बायकांच्या रांगेतून हळदीकुंकवाचं तबक फिरलं. ते वहिनीच्या खुर्चीपाशी आलं आणि खुर्चीच्या मागून पुढे गेलं. थांबलंसुद्धा नाही. मी "दादा, ते बघू म्हणालात, ते आता बघा," असं मंचाखालून ओरडलो, पण तेवढ्यात बँड सुरू झाला.

घरी येऊन तिने शाल घडी करून ठेवली आणि दोरा अंगठ्याला अडकवला. मी विचारलं, "वहिनी, तुला काय पाहिजे?" आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

ती म्हणाली, "मोती कोणाचे ते मला कळत नाही. मंगळसूत्र गाठवताना कळायचं, ही अमक्याची पोर, ही तमक्याची. मी तिला बरं चिंतायची. मला ते काम आवडायचं." मग म्हणाली, "तो खिळा काढू नका."

तो खिळा अजून भिंतीत आहे. आई रोज फडक्याने पुसते.

हे मी तिला वाचून दाखवलं आहे. 'छापा' असं ती म्हणाली, आणि दोन ओळी काढायला लावल्या. म्हणून आता तुमच्याकडे एक मागणं मागतो. लग्नसराई जवळ आली आहे. तुमच्या घरात मंगळसूत्र गाठवायचं असेल, तर तुमच्या वाडीत, तुमच्या चाळीत अशी एक बाई शोधा, फार लांब जावं लागणार नाही. तिला आधी विचारा. ती हो म्हणाली तर काळे मणी आणि वाट्या दिवसाउजेडी, गॅलरीतून सगळ्यांदेखत तिच्या हातात द्या. आणि शेवटची गाठ तिलाच मारू द्या.