कणकेतला गरुड

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसेच पदराला पुसले आणि नंदनवनातल्या माझ्या घरून सक्करदऱ्याला दादाकडे निघाले. वाटेत बोटांना चिकटलेली कणीक वाळून कडक झाली आणि मला एकदम हसू आलं, मग रडू. कारण माझ्या भावाचं आणि कणकेचं नातंच तसं होतं.

दादा कॉलेजात इतिहास शिकवायचा. जुनं नाणं कोणी दाखवायला आणलं की आधी स्वयंपाकघरात जायचा आणि वहिनीच्या परातीतून लिंबाएवढा गोळा उचलायचा. नाणं त्यात दाबायचं आणि उमटलेला ठसा खिडकीशी तिरक्या उन्हात धरायचा, ही त्याची रीत. सोनं चकाकतं, डोळ्याला फसवतं. कणीक फसवत नाही म्हणे. काम झालं की वहिनी तो गोळा मुकाट्याने परत कणकेत मिसळायची. आम्ही पोळीबरोबर किती राजे खाल्ले, देव जाणे!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मागच्या गल्लीतल्या केशरबाई एका सकाळी आल्या. हातात सोन्याची पातळ, रुपयाएवढी चकती, वर दोरा ओवायला कडी. एका बाजूला पंख पसरल्यासारखं काहीतरी उठलेलं, पार झिजलेलं. दुसऱ्या बाजूला काळी लाख भरलेली. त्यांच्या सासूच्या देवघरातली ही वस्तू, दर दिवाळीला चिंच लावून घासलेली. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर घरातले देव गेले, ही सोनं म्हणून राहिली.

"भाऊ, सोनार म्हणते दागिन्याचं फूल हाय. सुशीलाचं लगन ठरलं. आटवून तिले बांगड्या करून राहिलो. पण आधी तुमाले दाखवावं म्हटलं."

दादाने ठसा घेतला. पुसट पंख, खाली एक अस्पष्ट रेघ. बस. "नाणं दोन तोंडांनी बोलतं, याला एकच तोंड आहे," तो म्हणाला. "दागिनाच आहे बाई. खुशाल आटवा." केशरबाई निश्चिंत मनाने तडक इतवारीच्या सराफ्यात गेल्या.

मी त्या दिवशी तिथेच जेवायला होते. दादाचा घास काही उतरेना. शेवटी म्हणाला, "मागे लाख कशाला भरली असेल गं?"

"पोकळ सोनं चेपते ना," वहिनी म्हणाली. "कडी बसवताना भरली असंन सोनारानं. जेवा आता."

पोकळ! म्हणजे पत्र्यावर मागून ठोकून चित्र उठवलेलं. म्हणजे पुढचं घासून गेलं तरी मागचं लाखेखाली जसंच्या तसं असणार... दादा भरल्या ताटावरून उठला. कणकेचा गोळा रुमालात गुंडाळला आणि सायकल काढली. हात धुतला की नाही, कोणालाच आठवत नाही.

पुढचं केशरबाईंनी सांगितलेलं. मूस तापलेली, चकती सोनाराच्या हातात, आणि दारातून हा ओरडतो, "थांबा! माझी चूक झाली!" भर सराफ्यात. सोनाराने चकती हलकेच ऊब देऊन लाख काढली. दादाने मागच्या खोलगट बाजूत कणीक भरून दाबली आणि अलगद सोडवली. पंख पसरलेला गरुड वर आला, एका बाजूला शंख, दुसरीकडे चक्र. खाली जुन्या लिपीतली, चौकोनी डोक्यांची अक्षरं. दादा वाचू लागला, "श्री... म... हे..." आणि गोळा तिरक्या उन्हात धरायला दाराकडे वळला.

नंतर पुस्तकं धुंडाळून त्याने नक्की केलं. छत्तीसगडाकडच्या शरभपुरीय राजांचं, दीड हजार वर्षांपूर्वीचं नाणं. त्यांची नाणी एकाच तोंडाची असतात.

"मंग भाऊ, पोरीले काय देऊ?" केशरबाईंनी विचारलं. नाणं संग्रहालयात जावं असं दादाला फार वाटत होतं, तसं एकदा बोललाही. दोन दिवसांनी केशरबाई येऊन म्हणाल्या, "आटवत नाही. पण देतही नाही कोनाले. सुशीलाच्याच गळ्यात घालतो. बांगड्यांचं पाहू पुढं." दादा हिरमुसला. मग म्हणाला, "घाला. फक्त मागे लाख भरू नका." दर वर्षी नव्या वर्गाला तो आधी स्वतःची ही चूक सांगायचा, धडा नंतर.

परवा सुशीला वहिनीला भेटायला आली. वहिनी पोळ्यांना बसली होती. परातीच्या काठावर एक गोळा वेगळा काढलेला... दादासाठी काढायची, अजून काढते. सुशीलाने गळ्यातला नाण्याचा काळा दोरा काढून माझ्या हातात दिला. मी नाणं गोळ्यावर टेकवलं तोच वहिनी म्हणाली, "तिकडून नाही वं. मागून लाव."

मागून लावलं. गरुड वर आला. वहिनीने तो खिडकीशी तिरक्या उन्हात धरला, बराच वेळ पाहिला. मग बाकीच्या पोळ्या लाटल्या. तो गोळा मात्र तिने कणकेत मिसळला नाही.