एंडोस्कोपीत स्वभाव दिसत नाही

हे किस्से मला नीट आठवतात की नाही, याची खात्री नाही. कोणतं वाक्य खरंच कोण म्हणालं आणि कोणतं मी नंतर त्याच्या तोंडी घातलं, हे आता वेगळं काढता येत नाही. आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं. मिश्रणं वेगळी करायच्या बऱ्याच पद्धती मला येतात, पण आठवणींना त्यातली एकही लागू पडत नाही.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात निवृत्त माणसाला संध्याकाळी जायला जागा फार नाहीत. मी नरेशच्या मेडिकलपुढच्या बाकावर बसतो. औषधाच्या दुकानापुढे रोज बसलं की किस्से आपोआप साचतात. माझे सगळे पोटाचेच साचले.

*

एकदा लांजीकडचा एक माणूस आला. नरेशला म्हणाला, "भैया, घुटने में गॅस उतर गया है."

नरेशने मान वर न करता विचारलं, "कौन से घुटने में?"

बाकावर माझ्या शेजारी मेश्राम होते. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत फोरमन म्हणून निवृत्त झालेले. मला म्हणाले, "सर, गॅस तं वर जाते ना? मंग हा खाली कसा उतरला?"

मी वायूंची घनता समजावू लागलो. तो माणूस गोळी घेऊन गेला, त्याची बसही सुटली असेल, तरी माझं चालूच. शेवटी मेश्राम म्हणाले, "राहू द्या सर. इच्यारून माझंच चुकलं!"

*

माझी पोटदुखी नोकरीइतकीच जुनी. बरगडीखाली जळजळ, रिकाम्या पोटी जास्त. तपासलेल्या पेपरांची बेरीज मी तीनदा करायचो, निकालाच्या आठवड्यात जेवण जायचं नाही. त्यामुळे निदान सगळ्यांनीच करून टाकलं होतं. प्राचार्यांनी, शिपायाने, पत्नी सुमननेसुद्धा. "तुमी लय इच्यार करता!" औषध एकच, स्वभाव बदला.

उदाहरण म्हणून मला मेश्राम दाखवले जायचे. हा माणूस जमिनीखाली काम करून आला, मिरचीचा ठेचा भाकरीएवढा खायचा आणि पडल्या पडल्या घोरायचा. स्वतःच्या पोटावर थाप मारून म्हणायचे, "हे पाहा सर. गोटे पचवते!"

रोज भरवेलीहून मोटरसायकलवर यायचे, वाटेत बस स्टँडवर थांबायचे आणि बाकावर येईपर्यंत तोंडात काहीतरी चघळत असायचे. "बडीशेप," म्हणायचे. कधी कोणाला एक दाणा दिला नाही. नरेश त्यांना चिडवायचा, "मेश्रामजी, मरते वक़्त साथ ले जाओगे क्या?"

*

पुढे माझं वजन उतरलं, तेव्हा गोंदियाला जाऊन एंडोस्कोपी करायची ठरली. मला वाटत होतं तो कॅन्सरच. बँकेचे कागद कुठे आहेत ते मी सुमनला दोनदा दाखवलं.

"दाखवून झाले ना? आता जा," ती म्हणाली.

मेश्राम सोबत आले. "एकटे गेले तं गाडीतच मरान तुमी, भेवानं."

नळी आत गेली, बाहेर आली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अस्तराचा एक कण काढून पिवळ्या जेलीच्या एका पट्टीवर ठेवला होता. म्हणाले, "पोटात एक जंतू असतो. आम्लात टिकायला तो स्वतःभोवती अमोनिया तयार करतो. असला, तर ही जेली गुलाबी होईल."

मी पडल्या पडल्या बघत होतो. रंग हळूहळू बदलला. अख्खं आयुष्य पोरांना टायट्रेशन शिकवलेला माणूस मी. घसा बधिर, तोंडातून लाळ, तरी ताडकन उठून बसलो. "फिकट गुलाबी! थांबा, पुढे एक थेंबही टाकू नका!"

डॉक्टर नर्सला म्हणाले, "गुंगी उतरलेली नाही. झोपवा यांना."

*

गुंगी उतरल्यावर त्यांनी पुन्हा समजावलं. कॅन्सर नाही. जंतू अस्तराच्या चिकट थरात राहतो, त्यानेच सूज येते, कधी अल्सर होतो. बहुधा लहानपणीच घरात लागतो. खूप लोकांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही.

मी विचारलं, "म्हणजे माझ्या स्वभावामुळे नाही?"

"सर, एंडोस्कोपीत स्वभाव दिसत नाही."

इतकं चांगलं वाक्य मला कोणी पूर्वी म्हटलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी ते मेश्रामना दोनदा ऐकवलं. म्हटलं, "तुम्हीही एकदा तपासून घ्या."

ते खिडकीबाहेर बघत चघळत होते. "आपल्याले काय झालं?"

घरी येऊन सुमनला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असन जंतू. पन तो तुमच्याच पोटात काहून राह्यला? त्याले बी कोनी इच्यार करनारा पायजे असन!"

*

चौदा दिवस मूठभर गोळ्या. तोंडाला लोखंडाची चव. मी एकही चुकवली नाही.

मग जंतू गेला का, ते बघायची श्वासाची तपासणी. तिच्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी घ्यायची नव्हती, नाहीतर असलेला जंतूही दिसत नाही. तेरा दिवस पाळलं. चौदाव्या दिवशी उद्याच्या काळजीने इतकं जळजळलं, की पोट व्यवस्थित असावं म्हणून एक गोळी घेतली. डॉक्टरांना ते सांगितलं. त्यांनी परत पाठवलं, पुन्हा दोन आठवडे.

बाकावर मेश्रामनी जाहीर केलं, "सरनं कॉपी केली! पेपरच्या आदल्या दिवशी!"

*

दुसऱ्या खेपेला मी पास झालो. पोट दुखायचं थांबलं. काही दिवसांनी सुमनने पाहिलं, मी ताटावर बसून पोटाला हात लावतो आहे.

"आता काय झालं?"

"दुखत का नाही, ते बघतोय."

तिने वाटी आपटली. पण न जाणो म्हणून ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्यांची एक पट्टी मी अजूनही टेबलावर ठेवतो. ठेवली की झोप लागते.

*

मेश्राम गेले. हृदयविकाराने, झोपेत. बाकावर त्यांची जागा बरेच दिवस कोणी घेतली नाही, मग घेतली.

काही वर्षांनी त्यांच्या पत्नी गयावहिनी भरवेलीहून आमच्याकडे आल्या. चहा घेताना त्यांना टेबलावरची पट्टी दिसली.

"भाऊजी, हे तं त्यायच्या खिशात राहे. नेहमी."

"ते तर बडीशेप खायचे," मी म्हणालो.

"कायची बडीशेप! रातच्याले पोट धरून बसून राहत. म्या लय खेपा म्हनलं, सरले सांगा, ते गोंदियाच्या डाक्टरले ओळखते. तं म्हनत, 'सरले नोको सांगू. ते झोपनार नाही.'"

सुमनने माझ्याकडे पाहिलं नाही.

मला ते खरं वाटेना. वहिनींचं वय झालं आहे, आणि आठवणीचा काय भरवसा, माझ्या आठवणीचाही नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी बस स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये जाऊन विचारलं.

दुकानदार लगेच म्हणाला, "मेश्राम बाबूजी? भरवेलीवाले? हाँ, शाम को इधर रुकते थे. पुदीनेवाली गोली लेते थे. बरसों से."

मी म्हटलं, "पण पुढे ते नरेशच्याच मेडिकलवर यायचे. तिथून का नाही घेतल्या?"

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाची पट्टी कात्रीने कापत होता.

"मैंने भी पूछा था. बोले, वहाँ सर बैठते हैं."